डॅशबोर्डावर पेटलेला पिवळा गंज

डिसेंबरातली सकाळ होती. आईला यवतमाळला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणून साडेसहालाच गाडी काढली. अंगणात शेकोटी, काचेवर दहिवर. चावी फिरवली तसे डॅशबोर्डावरचे सगळे दिवे एकदम लागले, मग एकेक करून विझले. एक पिवळा मात्र राहिला. आईनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "हे काय रे बाप्पा, गंज मांडला काय चुलीवर?"

विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे गंज म्हणजे पातेलं. लोखंडाला चढतो तो वेगळा. आईचंही चुकलं नव्हतं, कारण ते चित्र खरंच तसं दिसतं. बूड दातेरी, दोन्ही कडा फुगून वर गेलेल्या, तोंड उघडं आणि मधोमध उद्गारचिन्ह. खरं तर तो टायरचा आडवा छेद आहे. दाते म्हणजे रस्त्याला टेकणारी नक्षी आणि फुगलेल्या कडा म्हणजे टायरच्या भिंती. एखाद्या टायरमध्ये हवा कमी झाली आहे, असं तो दिवा सांगत असतो.

त्या दिवशी दुपारपर्यंत मला चार सल्ले मिळाले. शेजारी म्हणाले, "काही नाही होत भाऊ, थंडीनं लागते ते. दुपारी आपोआप इझते." चुलतभावानं फोनवर सांगितलं, "कायले टेन्शन घेतं बे, रिसेटचं बटन दाबून ठेव." पेट्रोल पंपावरच्या पोरानं नायट्रोजन भरायला सांगितलं. आणि नाक्यावरच्या पंक्चरवाल्यानं चारही टायरांना एकेक लाथ घालून निकाल दिला, "हवा टाईट हाये."

चौघांचंही थोडंथोडं बरोबर होतं. पंचाईत तीच झाली.

लाथेचं आधी उरकून घेऊ. ट्रॅक्टरच्या किंवा बैलबंडीच्या टायरला लाथ मारून अंदाज येत असेल, कारच्या टायरला येत नाही. आजकालचे जवळपास सगळे कारचे टायर रेडियल, म्हणजे मऊ भिंतीचे, असतात आणि हवा पूर्ण असली तरी खाली थोडे फुगलेलेच दिसतात. हवेचा आकडा ३३ आहे की २५, हा फरक डोळ्याला दिसत नाही आणि पायालाही कळत नाही. त्यासाठी काटा लागतो, म्हणजे हवा मोजायचं गेज. काही शे रुपयांत डिजिटल मिळतं आणि डॅशबोर्डाच्या खणात मावतं. या विषयात पैसे खर्च करण्याजोगी वस्तू ही एकच, असं माझं मत आहे.

हवेचं माप असतं पीएसआय. ठाण्यातला नव्हे, एका चौरस इंचावर किती पौंड दाब आहे ते. साध्या कारला ३० ते ३६ पीएसआय हवा लागते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर चिकटवलेल्या पट्टीवर सापडतो, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत. बहुतेक पट्ट्यांवर दोन आकडे असतात, कमी माणसांसाठी एक आणि गाडी भरलेली असेल तर दुसरा. लग्नाला सहा माणसं, दोन पेट्या आणि आहेराची भांडी कोंबून निघताना दुसरा आकडा पाहायचा असतो, हे मलाही बरीच वर्षं माहीत नव्हतं. (पाचच्या गाडीत सहावा कसा, ते विचारू नका.) टायरच्या भिंतीवर कोरलेला ४४ किंवा ५१ हा आकडा त्या टायरची कमाल मर्यादा असते. तेवढी हवा भरा, असा त्याचा अर्थ नाही. काही गाड्यांच्या स्क्रीनवर २३० किंवा २.३ असं दिसतं. ते किलोपास्कल आणि बार, आणि दोन्ही म्हणजे साधारण ३३ पीएसआयच.

आता शेजाऱ्यांच्या थंडीकडे. मे महिन्यात दुपारी सायकल उन्हात विसरली की ती अंगणात फट्टकन फुटते, हे आपल्यापैकी प्रत्येकानं लहानपणी ऐकलेलं आहे. बंद जागेतली हवा तापली की दाब वाढतो, निवली की उतरतो. कारच्या टायरचा हिशेब असा की तापमान १० अंशांनी बदललं की दाब सुमारे दीड पीएसआयनं बदलतो.

आपल्याकडे हा दीड फार मोठा होतो, कारण आपल्या हवामानाला मधलं काही ठाऊकच नाही. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर इथं मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे तोच १० च्या खाली येतो. मुंबईच्या माणसाच्या टायरला वर्षभरात जेवढा फरक सोसावा लागतो, तेवढा आपल्या टायरला हिवाळ्यातल्या एका दिवसात, पहाट ते दुपार, सोसावा लागतो.

माझ्या गाडीचं काय झालं ते सांगतो. दिवाळीनंतर नागपूरहून परतताना भर दुपारी पंपावर हवा भरली होती. शंभर किलोमीटर पळालेले टायर आणि खाली तापलेलं डांबर. आतली हवा ५५ अंशांची धरा. पोरानं ३३ लावले, मशीन टिंग वाजलं, मी खूश. पण हा आकडा थंड टायरचा असतो, गरम टायरचा नाही. तीच हवा डिसेंबरात पहाटे १० अंशांवर आली की ३३ चे साडेसव्वीस उरतात. यात कुठं छिद्र नाही, गळती नाही, निव्वळ थंडी. शिवाय चांगल्या टायरच्या रबरातूनही हवा हळूहळू झिरपतच असते, महिन्याला साधारण एक ते दोन पीएसआय. दीड महिन्याचे दोन वजा केले की उरले साडेचोवीस.

आणि दिवा लागतो साधारण तिथंच. अमेरिकेतल्या नियमानुसार शिफारस केलेल्या दाबापेक्षा २५ टक्के कमी झालं की दिवा लागलाच पाहिजे. ३३ चे २५ टक्के म्हणजे सव्वाआठ, म्हणजे पावणेपंचवीसला दिवा. आपल्याकडच्या गाड्यांत हा आकडा थोडा मागेपुढे असेल, पण मुद्दा तोच राहतो. दिवा लागेपर्यंत टायरमधला जवळपास पाव दाब गेलेला असतो. म्हणजे दिव्याची सूचना उशिराच येते. शिवाय त्याला 'कमी आहे' यापलीकडे फारसं काही सांगताही येत नाही. काही नव्या गाड्या चारही चाकांचे आकडे दाखवतात, त्यांचं ठीक आहे. साध्या गाडीत किती कमी, कोणत्या चाकात आणि कशामुळे, हे आपणच शोधायचं असतं.

यवतमाळहून दुपारी परतताना दिवा खरंच विझला होता. शेजाऱ्यांचं भाकीत फळलं! पण हवा कुठून आली नव्हती. टायर पळून आणि उन्हानं गरम झाले, दाब दोन-तीननं वर चढला आणि रेघेच्या वर गेला, एवढंच. दुसऱ्या दिवशी पहाटे थंड टायरवर काटा लावला तर २४, २५, २५, २४. आपोआप विझलेला दिवा म्हणजे ताप उतरवायची गोळी घेऊन कामावर गेलेला माणूस.

थंड टायर म्हणजे किती थंड, हे लोक विचारतात. गाडी निदान तीन तास उभी असली पाहिजे किंवा फार तर दोन-तीन किलोमीटर चाललेली. म्हणजे आपल्यासाठी सकाळी, अंगणात, चहाच्या आधी. पंप दहा-पंधरा किलोमीटरवर असेल तर घरीच मोजून कोणत्या टायरला किती कमी ते लिहून न्यायचं आणि पंपावर तेवढीच वाढवून घ्यायची. घरी काट्यावर २५ दिसली आणि ३३ पाहिजे, तर आठ वाढवायची, मग पंपावरच्या मशीनवर आकडा ३६ दिसो की ३७. पंपावर हवा मोफत मिळायला हवी असा नियम आहे, पण कंप्रेसर 'बंद हाये' असं ऐकायची सवय ठेवा. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारं छोटं कंप्रेसर गाडीत असेल तर ही कटकटच राहत नाही.

आता चुलतभावाचं रिसेट. हे जरा सावकाश वाचा, कारण नुकसान इथं होतं.

टायरची हवा ओळखायच्या दोन पद्धती आहेत आणि बाहेरून दोघींचा दिवा सारखाच दिसतो. पहिल्या पद्धतीत प्रत्येक चाकाच्या आत, वॉल्व्हच्या बुडाशी, एक छोटा सेन्सर असतो. तो दाब खरोखर मोजतो आणि रेडिओ लहरींनी गाडीला कळवतो. त्याच्यात सीलबंद बॅटरी असते, ती पाच ते दहा वर्षं टिकते. गाडी उभी असताना बॅटरी वाचवायला तो झोपून राहतो आणि चाक फिरू लागलं की जागा होतो. म्हणून हवा भरल्यावर दिवा लगेच विझला नाही तर घाबरू नका, काही किलोमीटर चालवा. पाणी द्यायला मोटर सुरू केली तरी ते शेताच्या टोकाला पोचायला वेळ लागतोच.

दुसऱ्या पद्धतीत हवा कुणी मोजतच नाही. ब्रेकच्या एबीएस यंत्रणेसाठी प्रत्येक चाक किती वेगानं फिरतं हे गाडीला कळत असतंच, त्यावरून ती अंदाज बांधते. बंडीला एक चाक मोठं आणि एक लहान लावलं तर तेवढ्याच वाटेत लहान चाकाला जास्त फेरे घ्यावे लागतील. हवा कमी झालेला टायर किंचित बसतो, म्हणजे किंचित लहान होतो आणि इतर तिघांपेक्षा थोडा जास्त फिरतो. संगणक हा फरक पकडतो. हुशारीची गोष्ट आहे आणि स्वस्तही. पण चारही टायरांची हवा सारखीच उतरली, जशी थंडीत उतरते, तर चारही चाकं सारखीच लहान होतात आणि तुलनेला कुणी उरत नाही. अशा गाडीत दिवा लागला नाही म्हणून हवा बरोबर आहे, असं धरून चालणं धोक्याचं.

रिसेटचं बटण मुख्यतः या दुसऱ्या पद्धतीसाठी असतं. ते दाबलं की गाडी समजते, 'आत्ता चाकं जशी आहेत तशीच बरोबर आहेत, यापुढे याच मापानं तुलना करायची.' म्हणून आधी चारही टायरांत बरोबर हवा आणि मगच रिसेट. हवा न भरता रिसेट दाबणं म्हणजे उशिरा येणाऱ्या पोरासाठी शाळेची घंटाच उशिरा वाजवणं. त्या दिवसापासून ते पोर वेळेवर!

चुलतभाऊ तेच करत होता. पांदण रस्त्यानं शेतात जाता-येता मागच्या डाव्या टायरात हिवराचा काटा शिरलेला होता. दिवा लागला की बटण दाबायचं, दिवा गप्प. महिनाभर असं चाललं. मग एक दिवस नागपूरला निघाला, माणसं भरून. वाटेत गाडी डावीकडं ओढू लागली, जळक्या रबराचा वास आला आणि उतरून पाहतो तर टायर रिमवर. पंक्चरवाल्यानं टायर उघडला तेव्हा आतून मूठभर काळा भुसा निघाला. तो टायरच्या भिंतीचा चुरा होता, दोन पदरांत दुमडून घासून निघालेला. शे-दीडशे रुपयांत निघालं असतं त्या पंक्चरसाठी आख्खा टायर घ्यावा लागला. माणसं सुखरूप होती, त्यामुळे आता तो हा किस्सा स्वतःच हसत सांगतो.

भुसा का होतो, हे समजलं की बाकी सगळं समजतं. बंधाईची तार तोडायला पक्कड नसली की आपण ती एकाच जागी वाकवत राहतो, इकडून तिकडे. आठ-दहा वेळा वाकवून तिथं बोट लावा, चटका बसतो. आणखी थोडं वाकवलं की तुटते. टायरचंही असंच. गाडीचं वजन रबर नव्हे, आतली हवा तोलते. प्रत्येक टायर साधारण तळहाताएवढ्या जागेवर टेकतो आणि तीनेकशे किलो पेलतो. हवा पूर्ण असली की भिंत थोडीच वाकते. कमी असली की प्रत्येक फेऱ्यात खोल वाकते आणि परत सरळ होते. ताशी १०० च्या वेगानं हे सेकंदाला चौदा-पंधरा वेळा होतं. वाकण्यात जाणारी ताकद उष्णतेत बदलते. तो तापलेला रबर आणि आतले धाग्यांचे पदर एकमेकांपासून सुटू लागतात आणि मग एका क्षणी टायर फुटतो. 'टायर अचानक फुटला' असं पेपरात येतं, पण तयारी पुष्कळदा आधीपासून चाललेली असते.

इथंच आपल्याकडची एक जुनी समजूत आडवी येते. 'उन्हाळ्यात हवा वाढते, म्हणून दोन-चार कमी ठेवा, नाहीतर टायर फुटेल.' सायकलीच्या फुटलेल्या ट्यूबवरून आलेलं हे शहाणपण कारला लागू होत नाही. हिशेब करून पाहा. मे महिन्यात पहाटे ३० अंशांवर ३३ भरली आणि दुपारी पळताना टायर ६५ अंशांवर गेला, तर दाब होतो साडेअडतीस. चांगल्या टायरची मर्यादा ४४ किंवा ५१ असते, म्हणजे तो आरामात आहे. एवढं वाढणार हे धरूनच कंपनीनं ३३ सांगितलेले असतात. उलट ३३ च्या जागी २६ ठेवली तर भिंत जास्त वाकेल, जास्त तापेल आणि ज्या भीतीनं हवा कमी केली तेच ओढवेल. गरम टायरवर काटा ३७ दाखवतो म्हणून फुस्स करून हवा सोडणारेही असतात. संध्याकाळी टायर निवला की त्यांच्याकडे २९ उरते.

हा दिवा साध्या गाड्यांत आला तोही अशाच एका गोष्टीतून. पोर्शे ९५९ या महागड्या गाडीत १९८६ सालीच अशी यंत्रणा होती, पण साध्या गाड्यांना कोण लावतो? मग १९९० च्या दशकात अमेरिकेत फोर्ड एक्सप्लोररवरच्या फायरस्टोन टायरांची नक्षी धावताना सोलून निघू लागली आणि उंच गाड्या उलटू लागल्या. दोनशेहून अधिक माणसं गेली. ऑगस्ट २००० मध्ये कंपनीनं ६५ लाख टायर परत मागवले. टायरमध्ये दोष होताच, पण वादात एक मुद्दा हवेचाही होता. फोर्डची शिफारस २६ पीएसआयची होती आणि टायर कंपनी म्हणत होती ३० ठेवा. घटना जास्त घडल्या टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना अशा उष्ण राज्यांत. कमी हवा, ऊन, वजन आणि वेग, चारही एकत्र. त्याच वर्षी तिथं कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये हा दिवा सक्तीचा झाला.

हे चारही आता आपल्या दाराशी एकत्र मिळतात. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता मुंबईजवळच्या आमणेपर्यंत खुला झाला. वर्धा, अमरावती, वाशिम, बुलढाणा, सगळीकडून तो जातो. आपल्या गावच्या रस्त्यावर खड्डे, गतिरोधक आणि म्हशी मिळून वेग चाळीसच्या वर जाऊच देत नाहीत, तेव्हा कमी हवेचा टायरही वर्षभर निभावून नेतो. तोच टायर मे महिन्याच्या दुपारी सिमेंटच्या सरळ रस्त्यावर १२० नं तीन तास न थांबता पळवला की त्याची खरी परीक्षा होते. त्या रस्त्यावर चढण्याआधी, घरीच, सकाळी काटा लावा. आणि टायरच्या भिंतीवर चार आकडी तारीख असते तीही पाहा. २३१९ म्हणजे २०१९ सालातला २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारा होतो. आपल्याकडे उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचा जरा लवकरच.

नायट्रोजनबद्दल थोडक्यात. आपण श्वास घेतो त्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजन थोडा हळू झिरपतो आणि त्यात ओल नसते, हे खरं. पण थंडीत तोही तेवढाच आकसतो. मिळाला तर घ्या, त्याच्यासाठी तीस किलोमीटर जाऊ नका. नायट्रोजन भरलेल्या, हिरव्या टोपणाच्या टायरात साधी हवा भरली तर काही बिघडत नाही.

मग दिवा लागला की करायचं काय? चालत्या गाडीत लागला तर आधी स्टिअरिंगकडे लक्ष द्या. गाडी एका बाजूला ओढत असेल, मागून फदफद आवाज येत असेल किंवा हलल्यासारखं वाटत असेल, तर जोरात ब्रेक न मारता वेग उतरवा, रस्त्याच्या कडेला घ्या आणि उतरून पाहा. बसलेल्या टायरवर 'पुढच्या गावापर्यंत' जायचा मोह आवरा, चुलतभावाचा भुसा आठवा. महामार्गावर असाल तर गाडी पूर्ण बाजूला, मागे त्रिकोण, आणि माणसं कठड्याच्या पलीकडे. गाडी सरळ चालत असेल तर सावकाश जवळच्या हवेपर्यंत जाता येतं. दिवा पिवळा आहे, लाल नाही.

पुढचा तपास काट्यावर. चारही टायर साधारण सारखेच उतरले असतील तर थंडी किंवा आपला आळस. हवा भरा, विषय संपला. तिघं ठीक आणि एकच आठ-दहानं खाली असेल तर कुठंतरी गळतंय. त्याला भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत मोजा. एका रात्रीत उतरला तर खिळा किंवा काटा. आठवड्यानं उतरला तर वॉल्व्हची पिन किंवा रिमची कड. जुने पंक्चरवाले वॉल्व्हवर थुंकी लावून बुडबुडा पाहतात. किळस वाटत असेल तर कपडे धुवायच्या पावडरचं पाणी ओता, काम तेच.

आपल्या भागातले काटे हा स्वतंत्र विषय आहे. बाभळीचा, हिवराचा काटा ट्यूबलेस टायरात शिरला की तोच बुचासारखा बसतो आणि हवा धरून ठेवतो. टोक बाहेर तुटून जातं, त्यामुळे दिसतही नाही. कपाशी निघाल्यावर पऱ्हाटी कापलेल्या वावरातून गाडी घातली तर तिरपे कापलेले खुंट सुरीसारखे असतात, आणि ते नेमके भिंतीला लागतात. नक्षीतलं छिद्र दोरी घालून बुजवता येतं, भिंतीचं बुजवता येत नाही. कुणी 'करून देतो' म्हणाला तरी करून घेऊ नका, कारण ती भिंतच सारखी वाकत असते. बैलाच्या नालेचा खिळा रुतलेला दिसला तर जागेवर उपटू नका. तो आहे तोवर हवा आहे. पंक्चरवाल्यापर्यंत त्याला राहू द्या.

पंक्चरवाल्याला टायर उघडायच्या आधी एक वाक्य सांगायचं असतं, "भाऊ, चाकात सेन्सर हाय." ट्रॅक्टरच्या टायरांवर हात बसलेला माणूस पहार घालतो ती नेमकी वॉल्व्हजवळ, आणि सेन्सरचे दोन तुकडे. त्याची चूक नाही, त्याला आत काही आहे हे दिसत नाही. टायरात ओतायचं पंक्चर रोखणारं लिक्विडही काही सेन्सरांचं तोंड बुजवतं.

दिवा सरळ लागून न राहता आधी मिनिटभर लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर गोष्ट वेगळी. तेव्हा तक्रार हवेची नसून यंत्रणेचीच असते. सेन्सरची बॅटरी संपली असेल किंवा बिनसेन्सरची स्टेपनी लावली असेल. हवा काट्यानं मोजून घ्या आणि दुरुस्ती सवडीनं करा.

जुन्या गाडीत दिवाच नसेल तर वॉल्व्हवर टोपणासारखे फिरवायचे सेन्सर बाजारात मिळतात, आत काचेजवळ छोटा पडदा ठेवायचा. वर्षभर वापरून पाहिले, आकडे ठीक दाखवतात. पण साध्या रबरी वॉल्व्हवर त्यांचं वजन झुलत राहतं आणि मुरमाच्या रस्त्यावर वॉल्व्ह बुडाशी चिरतो. लावायचेच असतील तर आधी पितळी वॉल्व्ह बसवा. बाजाराच्या दिवशी त्यातला एक चोरीला गेला, तो भाग वेगळा.

आणि स्टेपनी. बहुतेक गाड्यांत तिच्यात सेन्सर नसतो, म्हणजे तिच्याकडे दिव्याचं लक्षच नाही. २०२० पासून सरकारनं अशी मुभा दिली आहे की ट्यूबलेस टायर, हवेवर नजर ठेवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल तर कंपनीनं स्टेपनी दिली नाही तरी चालतं, तेव्हा नवी गाडी घेताना डिकी उघडून खात्री करा. माझ्या डिकीत आहे. तिच्यावर सरकीच्या ढेपेचं पोतं असतं, म्हणून दोन वर्षांत तिला हात लागला नव्हता. हा लेख लिहायला बसण्याआधी पोतं उतरवून काटा लावला. १४.